विशेषीकरण, विविधता आणि रोजगारवाढ : सातारा-सांगलीच्या संदर्भात एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

एखाद्या प्रदेशातील रोजगार वाढतो की खुंटतो, हे त्या प्रदेशाच्या आर्थिक रचनेवर अवलंबून असते, हे विधान प्रथमदर्शनी इतके उघड वाटते की त्याची चिकित्सा करण्याची गरजच कोणास भासू नये. परंतु 'रचना' या शब्दाने आपणांस नेमके काय अभिप्रेत आहे, ती मोजावयाची कशी, आणि 'वाढ' म्हणजे कोणाच्या, कोठल्या व किती दिवसांच्या कामाची वाढ, असे प्रश्न विचारू लागताच हे उघड विधान पुष्कळच अवघड होऊन बसते. गेल्या तीन दशकांत या विषयावर पाश्चात्त्य अर्थशास्त्रात विपुल संशोधन झाले आहे. त्याचे साचे आता आपल्याकडील प्रबंधांतूनही वापरले जाऊ लागले आहेत. हे साचे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना लावून पाहिले असता काय हाती लागते व काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा आहे असे मात्र नव्हे. २०२० मध्ये केंद्र शासनाने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आखली, तिने 'एक जिल्हा, एक उत्पादन' हे तत्त्व स्वीकारले. या तत्त्वामागे विशेषीकरणाने वाढ होते असे एक गृहीत आहे. उलट, जिल्ह्याचे अर्थकारण एकाच पिकावर वा एकाच धंद्यावर विसंबून राहू नये असे सांगणाऱ्यांच्या मनात विविधतेचे गृहीत असते. दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने शास्त्राचा हवाला देतात. तो हवाला कितपत टिकतो हे पाहणे आपल्या विभागांचे काम आहे.

१. तीन सिद्धान्त व त्यांची परीक्षा

या चर्चेचे मूळ आल्फ्रेड मार्शल याच्या १८९० मधील ग्रंथात आहे. एकच धंदा एका ठिकाणी एकवटला म्हणजे त्या धंद्यातील कुशल कामगारांचा साठा तेथे तयार होतो, त्यास लागणारे पूरक धंदे आसपास उभे राहतात आणि कारागिरीचे ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते, अशी तीन कारणे त्याने दिली. पुढे ॲरो व रोमर यांच्या ज्ञानवृद्धीविषयक विचारांशी ही भूमिका जोडली गेली. तिचे सार असे की, विशेषीकरण हे वाढीस पोषक होय. याच्या विरुद्ध टोकाची भूमिका जेन जेकब्ज यांनी १९६९ मध्ये 'द इकॉनॉमी ऑफ सिटीज' या पुस्तकात मांडली. नवे काम हे जुन्या कामातून फुटते, आणि भिन्न भिन्न धंदे शेजारी नांदत असतील तरच असे फुटवे येतात, असे त्यांचे म्हणणे. तिसरा मुद्दा स्पर्धेचा. एका धंद्यात अनेक लहान कारखाने परस्परांशी झुंजत असले म्हणजे सुधारणेची निकड वाढते, असे काहींनी म्हटले आहे.

या तिन्ही मतांची संख्याशास्त्रीय परीक्षा ग्लेझर, काल्लाल, शाइंकमन व श्लायफर या चौघांनी १९९२ मध्ये केली. अमेरिकेतील १७० शहरांतील प्रमुख धंद्यांची १९५६ ते १९८७ या काळातील रोजगारवाढ त्यांनी तपासली आणि विविधता व स्पर्धा वाढीस साहाय्यक, तर विशेषीकरण बाधक, असा निष्कर्ष काढला. तीनच वर्षांनी हेंडरसन, कुंकोरो व टर्नर यांनी दाखवून दिले की, जुन्या स्थिरावलेल्या उद्योगांत विशेषीकरणाचा लाभ दिसतो, आणि नव्या तंत्रप्रधान उद्योगांना त्याबरोबरच विविधताही मानवते. २००० मध्ये कोंब यांनी फ्रान्समधील ३४१ स्थानिक क्षेत्रांचा १९८४ ते १९९३ या काळातील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कारखानदारीच्या बाबतीत विशेषीकरण व विविधता हे दोन्ही सामान्यतः वाढीस मारकच आढळले, तर सेवाव्यवसायांत विविधता पोषक व विशेषीकरण मारक ठरले. २००४ मध्ये चिंगानो व स्किवार्दी यांनी इटलीतील कारखान्यांच्या आधारे असे दाखविले की, रोजगाराऐवजी उत्पादकतेची वाढ मोजली तर चित्र पालटते आणि विशेषीकरण पोषक ठरते. फ्रेंकेन, फान ओर्ट व फेर्बुर्ख यांनी २००७ मध्ये नेदरलँड्सच्या संदर्भात विविधतेचेच दोन भाग पाडले. परस्परांशी नाते असलेल्या धंद्यांची विविधता, जिला आपण 'सजातीय विविधता' म्हणू, ती रोजगार वाढविते. नाते नसलेल्या धंद्यांची, म्हणजे 'विजातीय' विविधता, बेकारीच्या आघातापासून प्रदेशाचे रक्षण करते.

एका प्रश्नास इतकी भिन्न उत्तरे येत असतील तर दोष प्रदेशांत नसून प्रश्नाच्या मांडणीत असावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सातारा-सांगलीचे उदाहरण ही शंका दृढ करते.

२. घटक कोणता?

पहिला प्रश्न प्रदेश-घटकाचा. या अभ्यासांत शहर, किंवा कामाला ये-जा करण्याच्या अंतरावरून ठरविलेले क्षेत्र, हा घटक धरलेला असतो. आपल्याकडे आकडे जिल्हावार मिळतात, म्हणून जिल्हा हाच घटक धरण्याचा प्रघात पडला आहे. परंतु सातारा व सांगली हे जिल्हे आर्थिक घटक म्हणून जन्मलेले नाहीत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करून व विलीन झालेल्या संस्थानांचा प्रदेश त्यांत मिळवून उत्तर व दक्षिण सातारा असे जिल्हे करण्यात आले. दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. कऱ्हाड व वाळवा यांच्यामध्ये कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यास तोडणारी अशी एकही आर्थिक रेषा नाही, पण जिल्ह्याची सीमा मात्र आहे. उलट वाळवा व जत हे दोन तालुके एका जिल्ह्यात आहेत. एकात बारमाही पाणी, दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची अवर्षणे. साताऱ्यातही कऱ्हाड आणि माण यांची हीच गत आहे.

अशा दोन तालुक्यांची सरासरी काढली असता जो आकडा येतो तो कोणत्याच गावाचे वर्णन करीत नाही. एवढेच नव्हे, तर तो दोहोंमधील नाते झाकून टाकतो. जतसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडील कारखान्यांवर जातात. म्हणजे एका तालुक्याची बेकारी हा दुसऱ्या तालुक्याच्या उद्योगाचा पायाच होय. एकाच रचनेच्या या दोन बाजू आहेत. सरासरी घेताच त्या परस्परांस छेदून नाहीशा होतात.

सीमेबाहेरच्या प्रभावांचेही तसेच आहे. साताऱ्याच्या उत्तरेस खंडाळा-शिरवळच्या पट्ट्यात व फलटणकडे अलीकडे मोठे कारखाने आले. खंडाळ्याचा एशियन पेंट्सचा कारखाना २०१३ मधला. फलटण येथे कमिन्सचा मोठा प्रकल्प उभा राहिला. ही वाढ साताऱ्याच्या अंगभूत रचनेतून झाली असे मानणे कठीण आहे. पुण्याची जागा अपुरी व महाग झाली आणि महामार्गाने तिचा शेजार लांबविला, हे कारण अधिक सयुक्तिक होय. जिल्हा हा घटक धरून केलेले समाश्रयण मात्र ही वाढ निमूटपणे साताऱ्याच्या विशेषीकरणाच्या किंवा विविधतेच्या खात्यावर मांडील.

३. वर्गीकरणातील विभाग आणि व्यवहारातील नाते

विविधता मोजावयाची तर धंद्यांचे वर्ग पाडावे लागतात. शासकीय वर्गीकरण वस्तूच्या स्वरूपावरून केलेले असते : काच वेगळी, यंत्रे वेगळी, अन्नपदार्थ वेगळे. प्रदेशाच्या इतिहासात धंद्यांची नाती याच रेषांनी जुळतात काय, हे तपासले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना आणला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा व साहाय्य दिले. लोखंडी नांगर, उसाचे चरक, पुढे पंप अशी मालिका तेथून निघाली. १९१६ च्या सुमारास कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला व 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारा येथे शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. वर्गीकरणाच्या दृष्टीने काच व यंत्रे यांचे काही नाते नाही, म्हणून ओगलेवाडी व किर्लोस्करवाडी यांचे सान्निध्य 'विजातीय' विविधतेत मोडेल. पण या तिन्ही कारखान्यांचा गिऱ्हाईक एकच होता, तो म्हणजे शेतकरी. त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटाही एकच होत्या. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे पूर्वायुष्य. त्यांनी ओगल्यांच्या कंदिलाची विक्री केली, किर्लोस्करांच्या नांगराचा प्रसार केला आणि कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. गावोगावचा शेतकरी ओळखण्याचे जे कौशल्य एका धंद्यात कमावले, ते दुसऱ्यात व तिसऱ्यात कामी आले. त्याच काळात, १९१९ मध्ये, कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि खेड्यापाड्यांची ही ओळख शिक्षणप्रसाराच्याही कामी आली असे म्हणावयास हरकत नाही. हे सर्व सजातीय विविधतेचे उत्कृष्ट उदाहरण आहे. मात्र येथील 'जाती' वस्तूंची नसून गिऱ्हाइकाची व वितरणाची आहे. प्रचलित कोष्टकास ती दिसत नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांची कथा याहून विलक्षण. शस्त्रांना धार लावणारे व ती घडविणारे शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर, सतार व तंबोरे घडविण्याकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात, हात मिरजेचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्र व वाद्य यांच्यामध्ये कोणत्या वर्गीकरणाने पूल बांधला असता? नाते होते ते कारागिराच्या हातात, आणि संस्थानी दरबारच्या आश्रयामुळे संगीताचे माहेरघर बनलेल्या त्या गावात. जेकब्ज यांनी जुन्या कामातून नवे काम फुटते असे म्हटले, ते येथे अक्षरशः खरे ठरते. पण हे फुटणे मोजण्यासाठी त्यांच्या अनुयायांनी जी मोजपट्टी घेतली, तिच्यात ते मावत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, विशेषीकरण व विविधता हे दोन प्रतिस्पर्धी गुण म्हणून समीकरणात समोरासमोर उभे करणे मुळातच शंकास्पद आहे. तासगावच्या द्राक्षांकडे पाहावे. आरंभी ते एका पिकाचे विशेषीकरणच होते. त्यातून बेदाण्याची शेड आली, बेदाणा ठेवण्यासाठी शीतगृहे आली, सौद्यांचा बाजार आला, छाटणीच्या कुशल टोळ्या, औषधांचे विक्रेते, खोक्यांचे कारखाने, मालवाहतूक ही सर्व आली. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तोवर त्या एका पिकाभोवती अनेक धंद्यांचे कुटुंब उभे राहिले होते. म्हणजे आजची विविधता ही कालच्या विशेषीकरणाची संतती होय. एकच आधारवर्ष घेऊन दोहोंचे परिणाम वेगळे काढू पाहणारे संशोधन आई व मुलगी यांना सवती समजून त्यांची तुलना करते.

सांगलीची हळद आणखी एक दुरुस्ती सुचविते. येथील विशेषीकरण केवळ लागवडीचे नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतून व शेजारच्या राज्यांतूनही हळद सांगलीस येते. विशेषीकरण आहे ते बाजाराचे : हमाली, तोलाई, प्रतवारी, पॉलिश, दळण, सौदे आणि साठवण. हरिपूरची जमिनीखालची पेवे ही या बाजाराची एके काळची खास सोय. २००५ च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली, पण बाजार उठला नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस मानांकन मिळाले. पेवे गेली तरी पेठ राहिली, यावरून रचनेचे मर्म गोदामात नसून व्यापाऱ्यांच्या पतीत व भाव ठरण्याच्या रूढ पद्धतीत आहे, हे ध्यानी येते.

४. रोजगार कोणाचा, कोठे व किती दिवसांचा?

दुसऱ्या बाजूस 'रोजगारवाढ' ही संज्ञाही तितकीच निसरडी आहे. साखर कारखान्याचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन वसंतात संपतो. द्राक्षबागांचे काम छाटण्यांच्या व काढणीच्या वेळी उफाळते. गणना हंगामात झाली की हंगामाबाहेर, यावर आकडा बदलतो.

यातून एक शुद्ध गणिती भ्रम निर्माण होतो, आणि तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. समजा, एका तालुक्यातील १,००० कामगारांपैकी ३०० साखरधंद्यात मोजले गेले, तर राज्यात हेच प्रमाण १,००० पैकी ३० आहे. मग तालुक्याचा स्थानीयता-गुणक १० येतो आणि तो अत्यंत विशेषीकृत ठरतो. आता असेही समजा की तेथील खरी सरासरी २५० च आहे व गणना ऐन भराच्या हंगामात झाल्यामुळे ५० अधिक मोजले गेले. पुढील गणना साधारण काळात होऊन २५० आढळले, तर सुमारे १७ टक्के घट झाली असे दिसेल. वस्तुतः काहीच घटलेले नाही. ज्या चुकीने आरंभीचा गुणक फुगला, त्याच चुकीने नंतरची वाढ आक्रसली. वाढीच्या समीकरणात उजव्या बाजूस आरंभीचा वाटा ठेवला म्हणजे असा ऋण संबंध आपोआप उद्भवतो. विशेषीकरण बाधक असल्याचा जो निष्कर्ष वारंवार निघतो, त्याचा किती भाग आर्थिक वास्तवाचा व किती या प्रत्यागमनाचा, हे वेगळे केल्यावाचून त्यास सिद्धान्ताचे स्थान देता येणार नाही. पाश्चात्त्य आकडे आपल्याहून नेटके असल्यामुळे तेथे हा दोष सौम्य असेल. आपल्याकडे तो उग्र आहे.

याहून गंभीर प्रश्न स्थानाचा आहे. पाटण, जावळी, माण, खटाव येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेले : कोणी गिरणीत, कोणी बाजारात ओझी उचलण्यास. ज्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली ते मूळचे पाटण तालुक्यातले. १९६९ च्या माथाडी कायद्याचे पडसाद साताऱ्याच्या घराघरांत उमटले. १९८२ चा गिरणीसंप मोडला तेव्हा त्याचा घाव गिरणगावाइतकाच डोंगरातील गावांवर पडला. २०११ च्या जनगणनेत साताऱ्यात दर हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या, तर राज्याची सरासरी ९२९ होती. परगावी गेलेल्या पुरुषांची सावली या आकड्यावर आहे, असे मानण्यास जागा आहे.

खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या भागांतील गलाईवाल्यांचे उदाहरण तर शास्त्रास आव्हानच होय. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय दुष्काळी गावांतील माणसांनी भारतभरच्या सराफी पेठांत नेला. गावचा एक जण दुसऱ्यास नेतो, दुकानात शिकवितो, पुढे तो स्वतःचे दुकान मांडतो. मार्शलने सांगितलेली तिन्ही लक्षणे येथे आहेत : कौशल्याचा साठा, परस्पर साहाय्य आणि ज्ञानाचा सहज प्रसार. अभाव आहे तो फक्त एका गोष्टीचा, ती म्हणजे एका ठिकाणी एकवटण्याची. हे विशेषीकरण विट्याचे, पण त्यातील रोजगार देशभरच्या शहरांत मोजला जाणार. विट्याच्या कोष्टकात तो शून्यवत् दिसेल, आणि गावात त्या पैशातून उभी राहिलेली घरे, विहिरी व बागा मात्र 'अकारण' वाढ म्हणून नोंदल्या जातील.

५. स्पर्धा व मालकी

स्पर्धेची जी मोजपट्टी या अभ्यासांत वापरली जाते ती म्हणजे दर कामगारामागे कारखान्यांची संख्या. ती बाजार खुला असेल तेथेच अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटरचे हवाई अंतर असावे लागते. म्हणजे कारखान्यांची संख्या येथे झुंजीतून नव्हे, नियमातून ठरते. तिच्यावरून स्पर्धेचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

त्याहून मोठी उणीव अशी की, मालकी हा घटक या समीकरणांत नाहीच. किर्लोस्करवाडीच्या मातीत रुजलेला उद्योग वाढू लागला तेव्हा १९४६ मध्ये तेल-इंजिनांचा कारखाना पुण्यास व विजेच्या यंत्रांचा बंगळूरला निघाला. मूळ कारखाना वाडीत चालू राहिला, पण फांद्या बाहेर गेल्या. यात दोष देण्यासारखे काही नाही. खाजगी भांडवल जेथे बाजार व सोयी असतात तेथे जाणारच. कोयनेची वीज पाटणच्या डोंगरांत निर्माण झाली, परंतु तिच्यावर मुंबई-पुण्याची यंत्रे फिरली. भूकंपाची आपत्ती मात्र ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनाकाठच्या वाट्यास आली. उलट, सहकारी साखर कारखान्याची मालकी ऊस पिकविणाऱ्या सभासदांकडे असल्यामुळे त्यास स्थलांतर करता येत नाही. वसंतदादा पाटलांनी सांगलीत उभारलेला शेतकरी कारखाना, राजारामबापू पाटलांचा साखराळ्याचा, रेठऱ्याचा कृष्णा, यांचे भांडवल जमिनीशी बांधलेले राहिले. अधिशेषाचा काही भाग शाळा-महाविद्यालयांत, दवाखान्यांत, उपसा जलसिंचनात गेला. १९८३ मध्ये विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळताच साखराळ्यास असे महाविद्यालय निघाले, हा योगायोग नव्हे.

येथे एक विसंगती नजरेस येते, आणि तीच या दोन जिल्ह्यांच्या रोजगाराचा खरा पेच आहे. सहकाराने भांडवल स्थानिक ठेवले. त्या भांडवलातून शिक्षण निघाले. परंतु त्या शिक्षणास साजेसे काम जवळ नसल्याने शिकलेला तरुण पुण्यास गेला. नागरी लोकसंख्येचे प्रमाण २०११ मध्ये राज्यात सुमारे ४५ टक्के, सांगलीत सुमारे २५ व साताऱ्यात सुमारे १९ टक्के होते. शिकलेल्यांना सामावून घेणाऱ्या सेवा ज्या शहरांत फोफावतात, ती शहरे येथे लहान राहिली. सहकाराचे यश व रोजगाराचे अपयश ही एकाच रचनेतून आलेली फळे आहेत. दोहोंचा एकत्र विचार न करता सहकाराची स्तुती किंवा निंदा करणे सोपे असते, पण त्यातून ज्ञान वाढत नाही.

६. सिद्धान्तांच्या बाजूने

या टीकेचा अर्थ सदर संशोधन टाकाऊ आहे असा कोणी घेऊ नये. विजातीय विविधता आघात सोसण्यास मदत करते, हे फ्रेंकेन आदींचे म्हणणे ओगलेवाडीच्या बाबतीत विचारात घेण्याजोगे आहे. वीज खेड्यापाड्यांत पोहोचली आणि कंदिलाची गरज सरली. कारखाना पुढे बंद पडला, नाव तेवढे उरले. एका वस्तूवर उभ्या असलेल्या वसाहतीस तंत्रबदल केवढा महाग पडतो याचा हा धडा आहे. किर्लोस्करवाडी तगली, कारण नांगरावरून चरकाकडे व चरकावरून पंपाकडे तिने वेळीच पाऊल टाकले. वाडीतूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले व त्यातून मराठी नियतकालिकांचे एक दालन उभे राहिले, हेही जेकब्ज यांच्या पक्षास बळ देणारे आहे.

सेवांच्या बाबतीत मात्र कोंब यांचा निष्कर्ष मिरजेस लागू पडत नाही. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी काढलेल्या रुग्णालयापासून १९६२ च्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत आणि त्यानंतरही मिरज एकाच सेवेत विशेषीकृत होत गेली व वाढत गेली. रेल्वेच्या जंक्शनमुळे उत्तर कर्नाटकातील रुग्णही तेथे येतात. एका गावाने सरासरी खोटी ठरत नाही, हे खरे. पण सेवा जर बाहेरच्या प्रदेशास विकली जात असेल तर ती कारखान्याच्या मालासारखीच वागते, ही सूचना त्यातून मिळते. स्थानिक गरज भागविणारी सेवा व बाहेरून गिऱ्हाईक आणणारी सेवा यांत भेद केला पाहिजे.

चिंगानो व स्किवार्दी यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्पादकता वाढणे व रोजगार वाढणे या भिन्न गोष्टी होत. ऊसतोडणीचे यंत्र आले म्हणजे एकरी श्रम घटतात. धंद्याची प्रगती झाली आणि जतच्या टोळीचे काम गेले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. प्रगती कोणत्या मापाने मोजावयाची हे संशोधकाने आधी सांगितले पाहिजे.

७. पुढील अभ्यासाची दिशा

या प्रदेशात काम करू इच्छिणाऱ्या संशोधकास पाच गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जिल्ह्याऐवजी तालुक्यांचे गट घ्यावेत : कृष्णाकाठ, पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्टा, सह्याद्रीचा घाटमाथा, आणि पुण्यालगतचा उत्तर भाग. दुसरी, वस्तूंच्या वर्गीकरणाबरोबर खरेदीदार, कौशल्य व कच्चा माल यांवरून धंद्यांची नाती मांडावीत. तिसरी, माणसे न मोजता मनुष्यदिवस मोजावेत, आणि काम करण्याचे ठिकाण व घर यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. चौथी, मालकी व अधिशेषाचा ओघ यांना समीकरणात स्थान द्यावे. पाचवी, दोन गणनांऐवजी निदान तीन घ्याव्यात, म्हणजे प्रत्यागमनाचा भ्रम ओळखता येईल.

यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्या परंपरेस नव्या नाहीत. धनंजयराव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्याने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची जी पाहणी केली ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात घटक होता तालुका, आणि विषय होता शेतकऱ्याचा व्यवसाय. हाच मार्ग आजही उपयोगी आहे. समाश्रयणाचे तंत्र त्याच्या साहाय्यास यावे, त्याची जागा घेण्यास नव्हे.

टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांनी पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत कृष्णेचे पाणी नेण्यास आरंभ केला आहे. जेथून माणसे बाहेर जात होती तेथे पाणी येऊ लागले, तर गलाईवाल्याचा पैसा, ऊसतोड टोळीचे श्रम व द्राक्षबागायतदाराचे कौशल्य यांची नवी सांगड पडण्याची शक्यता आहे. ती उसाच्या वाटेने जाईल की बागांच्या, तिच्यातून वर्षभराचे काम निघेल की चार महिन्यांचे, हे ठरण्याचा काळ हाच आहे. अशा वेळी 'एक जिल्हा, एक उत्पादन' किंवा 'शक्य तितके धंदे' यांपैकी एक घोषवाक्य निवडणे म्हणजे अभ्यासाची जागा कौलाने भरणे होय. कोणत्या धंद्यातून दुसरा कोणता धंदा फुटू शकतो, त्याची मालकी कोणाकडे राहील व त्यातील काम कोणास मिळेल, या तीन प्रश्नांची तालुकावार उत्तरे शोधणारे प्रबंध आपल्या विभागांतून निघाले, तर या दोन जिल्ह्यांस व अर्थशास्त्रास दोहोंसही त्यांचा उपयोग होईल.